सांगलीत कवितांचा गट चालवताना: पहिल्या वर्षाचा अनुभव

गेल्या आठवड्यात तासगावहून एका ताईंचा फोन आला. त्यांना गावात कविता वाचणाऱ्यांचा गट सुरू करायचाय, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. बोलता बोलता तास गेला, तरी निम्मं सांगायचं राहिलंच. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय.

आम्ही एप्रिल 2025 पासून सांगलीत दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी जमतो आणि कविता वाचतो. कधी पुस्तकाच्या दुकानात, कधी कॅफेत, एकदा बागेत. मी साहित्यातली कोणी नाही. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. गटातही बँकेतले, शाळेतले, निवृत्त झालेले, मेडिकलला शिकणारे असे सगळे आहेत. त्यामुळे हे कोणालाही जमण्यासारखं आहे, फक्त काही गोष्टी आधी माहीत असल्या तर दमछाक कमी होते.

मुळात हे डोक्यात आलं फेब्रुवारी 2025 मध्ये. दिल्लीत 98 वं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष होत्या आपल्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. एरवी सौद्यांशिवाय दुसरं बोलणं नसलेल्या आमच्या ऑफिसातही त्या आठवड्यात लोक संमेलनाबद्दल बोलत होते. मला औदुंबर आठवलं. लहानपणी वडील मला संक्रांतीला तिथल्या साहित्य संमेलनाला न्यायचे. कवी सुधांशूंच्या गावी, कृष्णेच्या काठी, सदानंद साहित्य मंडळ दर संक्रांतीला हे संमेलन भरवतं. तिथे शेतातून थेट आलेली माणसं तासन्‌तास कविता ऐकत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना स्वतःचं काही वाचायचं नसायचं. ती नुसती ऐकायला आलेली असायची.

पुढे मोठेपणी मी बरीच कविसंमेलनं ऐकली. बहुतेक ठिकाणी अनुभव एकच. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात घडी केलेला कागद आणि लक्ष आपला नंबर कधी येतो याकडे. वाचून झालं की माणूस हळूच उठून जातो. शेवटच्या कवीसाठी आयोजक आणि माईकवाला एवढेच उरतात. यात कोणाला नावं ठेवायची नाहीत, लिहिणाऱ्याला ऐकवावंसं वाटणारच. पण मला हवं होतं ते वेगळं होतं. दुसऱ्याने लिहिलेली कविता सावकाश वाचायची, तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं, इतकंच. हा फरक पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवला नाही, तर गट दोन महिन्यांत कविसंमेलन होतो, हे मी खात्रीने सांगते.

दुसरी अडचण आमच्या गावाची म्हणून आहे. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे पहिलं नाटक केलं आणि तेव्हापासून या गावाला रंगमंचाची सवय आहे. कार्यक्रम म्हटला की व्यासपीठ, माईक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभार हे आलंच. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पाहुणे कोण?" पाहुणे नाहीत, गोल करून बसायचं आहे, असं सांगितलं की समोरचा जरा गोंधळायचा.

मार्चमध्ये जागा शोधायला लागले. पहिल्यांदा गेले ते पेठेतल्या पुस्तकाच्या दुकानात, जिथे मी कॉलेजपासून जाते. दुकानवाले काका आता सत्तरीच्या पुढचे आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं, "किती माणसं?"

"दहा-बारा असतील काका."

"दहा-बारा माणसं कविता वाचायला येतात म्हणत असशील तर ये बाई. पण चहा आत आणायचा नाही."

त्यांच्या अटी साध्या होत्या. पाच ते साडेसहा, कारण सातला हिशेब करून शटर ओढायचं. मधल्या गल्लीत गिऱ्हाइकाला वाट ठेवायची. स्टुलं आमची आम्ही आणायची. भाडं घेणार नाही म्हणाले. भाडं नाही म्हटल्यावर आपण काय देणार हे आपणच ठरवायला हवं, म्हणून मी सुचवलं की त्या महिन्यात ज्या कवीच्या कविता वाचायच्या त्याचं पुस्तक आमच्यातले पाच-सहा जण तरी तुमच्याकडूनच घेऊ. हे त्यांना पटलं आणि पुढे वर्षभर उपयोगी पडलं. कवितेची पुस्तकं दुकानात फारशी ठेवलेली नसतात, पुण्याहून मागवावी लागतात, त्याला आठ-दहा दिवस जातात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच कवी ठरवायचा अशी आम्हाला शिस्त लागली.

चौथा शनिवार का, तर बँकेतल्या मंडळींना सुट्टी. रविवारी पेठ बंद असते आणि लोकांची घरची कामं, लग्नं असतात. तुमच्याकडे बाजाराचा दिवस, दुकानांची साप्ताहिक सुट्टी बघून वार ठरवा आणि एकदा ठरवला की बदलू नका. वार बदलत राहिला की माणसं तुटतात.

पहिली बैठक शनिवार, 26 एप्रिल 2025. आदल्या रात्री झोप लागली नाही. व्हॉट्सॲपवर अंगठे भरपूर आले होते, पण अंगठा म्हणजे माणूस नव्हे. साडेचारला मी आणि माझी मैत्रीण टमटममधून स्टुलं उतरवत होतो. पाचला दोघी, सव्वापाचला पाच जण, साडेपाचपर्यंत दुकानाची मधली जागा भरली.

पहिल्या वेळेला आम्ही कवी यशवंत आणि कवी गिरीश घेतले होते, कारण दोघांचंही सांगलीशी नातं. यशवंत इथे शिकले, कवी साधुदासांचं मार्गदर्शन त्यांना इथेच मिळालं. गिरीश विलिंग्डन कॉलेजात शिकवायचे. 1923 मध्ये पुण्यात कवींचं रविकिरण मंडळ निघालं त्यात हे दोघे होते, आणि कविता लोकांसमोर म्हणून दाखवायची गोडी महाराष्ट्राला लावण्यात या मंडळाचा मोठा वाटा. म्हटलं, सुरुवातीला यांच्याइतकं योग्य कोण.

पहिली कविता वाचून झाली आणि सगळे गप्प. कोणी छताकडे बघतंय, कोणी मोबाईलकडे. मी घामाघूम. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आता हीच परत वाचा. दुसऱ्या कोणीतरी. आणि जरा हळू." बँकेतल्या एका दादांनी वाचली. ते वाचायला अडखळत होते, ओळ चुकली की मागे जाऊन पुन्हा वाचत होते. पण त्या अडखळण्यामुळेच असेल, एक ओळ सगळ्यांना नीट ऐकू आली. एक जण म्हणाला, "हे मघाशी ऐकलंच नव्हतं." मग बोलणं सुरू झालं ते सव्वासात झाले तरी थांबेना. काकांनी शटर निम्मं ओढून ठेवलं आणि स्वतः येऊन मागे उभे राहिले.

तेव्हापासून आमचा नियम झाला. प्रत्येक कविता दोनदा, दोन वेगवेगळ्या आवाजांत. मध्ये कोणी अर्थ सांगायचा नाही. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावरच बोलायचं. दीड तासात अशा पाच-सहा कविताच होतात. त्याहून जास्त घेऊ नयेत असं माझं मत आहे. सुरुवातीला लोक वीस-वीस कवितांच्या झेरॉक्स काढून आणायचे, त्यांना समजावून सांगावं लागलं.

मे महिन्यात जी भीती होती ते झालंच. एक ज्येष्ठ काका आले. आयुष्यभर कविता लिहिलेला माणूस, दोन संग्रह स्वतःच्या पैशाने काढलेले, अतिशय सज्जन. यादीतल्या कविता झाल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. मी म्हटलं, "काका, इथे आपण स्वतःच्या वाचत नाही." त्यांचा चेहरा इतका पडला की मला पुढे बोलवेना. तिथेच एका मुलीने तोडगा काढला. स्वतःची स्वतः वाचायची नाही, पण दुसऱ्या कोणाला तुमची कविता आवडली आणि त्याने ती निवडून आणली, तर तो वाचेल. काका जरा वेळ गप्प राहिले. मग वही तिच्या हातात देऊन म्हणाले, "ने घरी. सावकाश वाच." पुढच्या महिन्यात ते येतील याची मला खात्री नव्हती. ते आले.

जूनमध्ये दुकान आमच्यासाठी बंद झालं. म्हणजे दुकान जोरात चालू होतं, पण शाळा उघडतात तेव्हा पुस्तकाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वह्यांचे गठ्ठे पार फुटपाथपर्यंत. काका म्हणाले, "पंधरा जुलैपर्यंत माझ्याकडे येऊ नका." पुस्तकाच्या दुकानावर अवलंबून असाल तर हे आधीच धरून चाला: जून आणि निम्मा जुलै दुसरी जागा हवी.

मग कॅफे शोधले. विश्रामबाग, शंभर फुटी रोड, कॉलेज कॉर्नर असं फिरले. बहुतेकांना "कवितावाचन" म्हटल्यावर स्टेज आणि गिटार वाटायचं. एका ठिकाणी तासाला भाडं सांगितलं, एका ठिकाणी माणशी 250 रुपयांचं खाणं सक्तीचं. शेवटी एका तरुण मालकाने ऐकून घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, शनिवारी सहानंतर मला गर्दी असते. तुम्ही चार ते साडेपाच या, तेव्हा माझी टेबलं रिकामीच असतात. माणशी शंभरचं काहीतरी घ्या म्हणजे झालं." शंभर रुपये कॉलेजच्या पोरांना जड जात होते, तेव्हा ठरवलं की ज्यांना जमेल त्यांनी दीडशेचं घ्यायचं आणि एकूण बिल जुळवायचं. त्यालाही हे चाललं.

कॅफेत वाचायच्या अडचणी वेगळ्याच. मिल्कशेकचा मिक्सर नेमका कवितेच्या मधोमध सुरू व्हायचा. संगीत बंद करायला सांगितलं की बाकीची गिऱ्हाइकं बघायची. आम्ही शिकलो ते असं: काउंटरपासून लांबचा कोपरा धरायचा, ऑर्डर एकदमच पहिल्या दहा मिनिटांत द्यायची म्हणजे मध्ये वेटर येत नाही, आणि मिक्सर चालू झाला की वाचणाऱ्याने थांबायचं, आवाज चढवायचा नाही. बिलाचे पैसे आधीच गोळा करायचे, नाहीतर शेवटची पंधरा मिनिटं "कोणाचं काय होतं" यातच जातात. पण कॅफेने एक दिलं जे दुकानात मिळालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची माणसं. जूनच्या बैठकीत दोन मुली आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तिसऱ्या कवितेला त्यांनी खुर्च्या फिरवल्या. त्यातली एक आता आमच्या पुस्तकांची यादी सांभाळते.

जुलैची बैठक मात्र मन खचवणारी होती. दिवसभर पाऊस, रस्त्यांवर पाणी, आम्ही मोजकी चार माणसं. मालकाने टेबल जोडून ठेवलं होतं ते तसंच रिकामं. त्या संध्याकाळी घरी येताना वाटलं, पुरे. कोणाला हवंय हे. पण त्या दिवशी वेळ भरपूर होता, म्हणून आम्ही एकच लांब कविता पूर्ण वाचली, आणि आजही त्या चौघांना ती बैठक सगळ्यात जास्त आठवते. कमी माणसांच्या दिवशी काय वाचायचं याची एक वेगळी यादी मी तेव्हापासून ठेवली आहे.

पैशांबद्दल सांगते, कारण तासगावच्या ताईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. आम्ही वर्गणी ठेवली नाही. प्रत्येक वेळी माणशी तीस रुपये डब्यात, ज्याला जमेल त्याने. त्यातून झेरॉक्स, दुकानाबाहेर उभं राहून घेतलेला चहा आणि भडंग निघतं. कोणी गूगल पेने दिले तर ते माझ्या खात्यावर येतात, म्हणून बैठक झाली की त्याच रात्री जमा-खर्च ग्रुपवर टाकते. कोणी मागत नाही, तरी टाकते. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खात्यावर असताना हे केलंच पाहिजे.

ऑगस्टच्या सुमाराला काहींचं म्हणणं पडलं की संस्था नोंदवू या, म्हणजे देणग्या घेता येतील, गटाच्या नावाने खातं निघेल. मी माहिती काढली. सोसायट्यांच्या 1860 च्या कायद्याखाली नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. नियमावली, उद्देश, कार्यकारिणी, जागेचा पुरावा लागतो. हे सगळं धर्मादाय कार्यालयामार्फत चालतं आणि मग दरवर्षी हिशेब तपासून सादर करणं, बदल कळवणं मागे लागतं. हे काम मी रोज ऑफिसात करते, मला त्याची भीती नाही. पण महिन्याला पाचशे रुपयांच्या उलाढालीसाठी अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार नेमायचे, आणि मग कोण अध्यक्ष यावरून कविता बाजूला राहायची, हे मला नको होतं. बहुमताने "नको" असं ठरलं. मोठा कार्यक्रम करायचा, अनुदान मागायचं असेल तर नोंदणी करावी. नुसतं वाचायचं असेल तर वही पुरते.

दुसरा वाद रील्सचा. तरुण मुलांना वाचनाचे व्हिडिओ टाकायचे होते. त्यांचा हेतू चांगला होता, आणखी लोक येतील हा. पण हक्कांचा प्रश्न आहे. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, म्हणजे 2016 संपल्यावर त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता मोकळ्या झाल्या. बालकवी, केशवसुत त्याच्या कितीतरी आधी. पण कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, त्यांचे हक्क अजून शिल्लक आहेत. तिकीट न लावता हौशी गटाने वाचून दाखवायला कायद्याच्या 52 व्या कलमात सवलत आहे, म्हणून आमची बैठक नियमात बसते. ध्वनिमुद्रण करून सगळ्या जगासमोर कायमचं ठेवणं ही वेगळी गोष्ट. त्यामुळे ठरलं की जुन्या, मोकळ्या झालेल्या कविता किंवा स्वतः कवीने लेखी परवानगी दिलेल्या कविताच रेकॉर्ड करायच्या. दोन हयात कवींना आम्ही पत्र पाठवलं, दोघांनीही आनंदाने हो म्हटलं. विचारायला लाजू नका.

23 ऑगस्टची बैठक झालीच नाही. त्या आठवड्यात कोयनेतून आणि वारणेतून विसर्ग वाढला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीच्या वर गेलं. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर आयर्विनचा आकडा असतो. 40 ला इशारा, 45 ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडच्या लोकांनी सामान हलवायला सुरुवात केली. आमच्यातल्या एका ताईंचं घर त्याच भागात. ग्रुपवर त्यांनी फक्त एवढंच टाकलं, "पुस्तकं वर न्यायला दोन माणसं मिळतील का?" सात-आठ जण गेले. पोत्यांत पुस्तकं भरून शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चढवली. नंतर पेठेत काकांच्या दुकानातही खालचे दोन कप्पे रिकामे केले. पाणी पेठेपर्यंत आलं नाही आणि उतरलं. पुढच्याच आठवड्यात गणपती बसले, तेव्हा पुढचा शनिवारही गेला. तो महिना असाच सोडला.

त्या दिवशी कप्पे रिकामे करताना काकांनी आतल्या खोलीतून एक पुस्तक आणून दाखवलं. 2019 च्या पुरातलं. त्या वर्षी आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, दुकानात माणूसभर पाणी होतं. नगर वाचनालयाचीही कितीतरी पुस्तकं त्या पुरात गेली. काकांकडचा भिजलेला माल ट्रॉलीने टाकून द्यावा लागला, त्यातून हा एक कवितासंग्रह त्यांनी ठेवला. कव्हर गेलेलं. पानं फुगून लाटांसारखी झालेली, एकमेकांना चिकटलेली, काही सुरीने सोडवलेली. प्रत्येक पानावर वरून दोन बोटं सोडून मातकट रेघ, आणि त्या रेघेखाली अक्षर पुसट होत गेलेलं. नाकाजवळ नेलं तर अजून गाळाचा वास. सप्टेंबरच्या बैठकीत आम्ही त्याच प्रतीतून वाचलं. जिथे अक्षर लागत नव्हतं तिथे वाचणारा थांबायचा आणि ज्याला पाठ असेल तो पुढची ओळ म्हणायचा. एका कडव्याला कोणालाच आठवेना. तेव्हा काकाच मागून म्हणाले, अगदी सरळ आवाजात, हिशेब सांगावा तसे. वर्षभरात त्यांनी तोंड उघडलं ते त्या एकदाच.

ऑक्टोबरची बैठक 25 तारखेला, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. दिवाळी अंक आणले होते, त्यातल्या नव्या कविता वाचल्या. फराळाचे डबे बाहेरच्या कट्ट्यावर. नोव्हेंबरमध्ये बहिणाबाई आणि जात्यावरच्या ओव्या. त्याला दोन जणी आपल्या आयांना घेऊन आल्या आणि त्या आयांनी पुस्तकात नसलेल्या ओव्या म्हटल्या. त्या लिहून घ्यायचं काम अजून चालू आहे.

आता बागेचं. सगळ्यांना वाटत होतं की मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास एकदा उघड्यावर वाचावं, कोणीही येऊन बसेल असं. 28 फेब्रुवारी हा चौथा शनिवारच येत होता. डिसेंबरच्या मध्यावर अर्ज घेऊन गेले आणि त्याच सुमाराला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. "मतमोजणी होऊ दे, मग या." 15 जानेवारीला मतदान, दुसऱ्या दिवशी मोजणी. 19 तारखेला सोमवारी पुन्हा अर्ज दिला.

मग नेहमीचं सुरू झालं. जागेच्या कार्यालयात म्हणाले, पोलिसांची ना-हरकत आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी जागेची परवानगी दाखवा, कुठल्या जागेला ना-हरकत द्यायची? दोघांचंही त्यांच्या परीने बरोबरच. माझ्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कनी वाट सांगितली. अर्जातच विनंती लिहायची की "पोलीस ठाण्याच्या ना-हरकतीच्या अधीन राहून" तत्त्वतः परवानगी द्यावी. तसं पत्र मिळालं, ते जोडून ठाण्यात अर्ज केला, तिकडची ना-हरकत पुन्हा इकडे जोडली. अर्जात तारीख, वेळ पाच ते सात, अंदाजे पन्नास माणसं, मंडप नाही, स्टेज नाही, तिकीट नाही, एक लहान स्पीकर, असं सगळं स्पष्ट लिहिलं. स्पीकरसाठी परवानगी लागतेच, मग तो कितीही लहान असो. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. एका ठिकाणी माझा अर्ज सापडेना, तेव्हा पोच होती म्हणून निभावलं. भाडं आणि अनामत मिळून दीड हजाराच्या आत बसलं, अनामत दहा दिवसांनी परत मिळाली. स्पीकरचं भाडं 800, सतरंज्या एका मंडळाने फुकट दिल्या. परवानगीचं अंतिम पत्र 25 फेब्रुवारीला हातात पडलं. तोपर्यंत निमंत्रण पाठवायचं की नाही या विचाराने पोटात गोळा होता. तेव्हा किमान सहा आठवडे हाताशी ठेवा.

28 ला संध्याकाळी पन्नासाच्या वर माणसं होती. फिरायला आलेली, मुलांना झोक्यावर सोडून येऊन बसलेली. अध्यक्ष नव्हते, पाहुणे नव्हते. पाचव्या की सहाव्या कवितेला ती मे महिन्यातली मुलगी उठली. तिने ज्येष्ठ काकांची वही बाहेर काढली. त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. कविता त्यांच्या आईवर होती, हळदीच्या वखारीत काम करणाऱ्या. तिने सावकाश वाचली. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या आवाजात, बँकेतल्या दादांनी. काका दोन्ही वेळा हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. सतरंजीच्या कडेला बसलेली एक बाई उठून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "माझी आई पण तिथंच होती वो. हाताचं पिवळं कधी जायचंच न्हाई." काकांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघं उरलेला वेळ हळू आवाजात बोलत राहिले. मी त्यांना गप्प केलं नाही.

मार्चची बैठक पुन्हा दुकानात झाली. बागेत आलेले काही नवे चेहरे तिथे आले, त्यामुळे आता जागा पुरत नाही. मिरजेतल्या लोकांना वेगळा गट हवाय, तिथे दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. जूनसाठी कॅफेवाल्या दादाला आत्ताच सांगून ठेवलंय. ग्रुपच्या अ‍ॅडमिनचं काम मी सहा महिन्यांसाठी त्या यादीवाल्या मुलीकडे देतेय, कारण सगळं एकाच माणसाच्या फोनवर असू नये. तासगावच्या ताईंना मी आमच्या अर्जांच्या नमुन्याच्या प्रती पाठवल्या आहेत. कोणाला हव्या असतील तर सांगा, पाठवते. एप्रिलची बैठक 25 तारखेला, दुकानात, पाच वाजता. कवी अजून ठरायचा आहे.